गप्प राहता आलं पाहिजे

लायब्ररीच्या बोर्डावर एक चिठ्ठी लावलेली होती, निळ्या शाईनं हातानं लिहिलेली. मजकूर एवढाच: माझ्या लाईनी ऐकायला कोणीतरी हवं आहे. वाचता आलं पाहिजे. गप्प राहता आलं पाहिजे. चहा मिळेल. खाली पत्ता होता, तो आमच्या घरापासून दोन रस्ते सोडून.

लाईनी ऐकायच्या म्हणजे काय, ते मला काही केल्या कळेना. लंडनच्या कडेला, हाउन्सलोत चाळीस वर्षं काढलीत मी. पण मला माहीत असलेली लाईन म्हणजे भुयारी रेल्वेची पिकॅडिली लाईन, नाहीतर मागच्या अंगणातली कपडे वाळत घालायची लाईन. त्यातली कुठलीच कोणी ऐकत बसत नाही. मग वाटलं, कोणा म्हाताऱ्या माणसाच्या फोनमध्ये खरखर येत असेल, ती ऐकून खरी आहे की कानाचा भास आहे ते सांगायचं असेल. आपल्याला ते जमेल.

घरी येऊन लेकीला सांगितलं. ती लॅपटॉपवर ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. आवाज बंद करून म्हणाली, अगं आई, लाईन्स म्हणजे नाटकातली वाक्यं. कोणीतरी पाठ करतंय, ते बरोबर आहे का हे समोर पुस्तक धरून बघायचं. मग तिनं माझ्या फोनवर काढलेला चिठ्ठीचा फोटो नीट वाचला आणि पुढच्या ओळीला थांबली.

"गप्प राहता आलं पाहिजे? आई, तू?"

एवढी हसली की समोरच्या पडद्यावरचे चार-पाच गोरे चेहरे तिच्याकडे बघायला लागले.

तिचंही बरोबरच होतं म्हणा. मी बोलते. बसमध्ये शेजारी कोण बसलंय ते न बघता बोलते. लाँड्रीत होते तेव्हा सुपरवायझरनं मला मुद्दाम मोठ्या ड्रायरजवळ उभं केलं होतं, म्हणजे त्या धडधडीत तरी माझं तोंड बंद राहील. त्याचा परिणाम एवढाच झाला की मी मोठ्यानं बोलायला शिकले.

ही लाँड्री विमानांची होती. विमानातल्या चादरी, नॅपकिन, पहिल्या वर्गातले पांढरे टेबलक्लॉथ, सगळं आमच्याकडे यायचं. आमचे हे विमानतळावर कार्गोत, मी लाँड्रीत. विमान आम्ही दोघांनी आयुष्यभर खालूनच पाहिलं. शाळा माझी सातवीपर्यंतची, कराडकडची. इंग्रजी मला कोणी शिकवलं नाही. टीव्हीवर माणसं बोलतात तेव्हा खाली अक्षरं येतात ना, ती वाचत वाचत शिकले. म्हणून माझं असं आहे, की वाचता येतं भरभर आणि बोलताना गाडी अडखळते. हे गेल्यावर घर खायला उठायला लागलं, तेव्हा लायब्ररीत जायला लागले. तिथं ऊब असते आणि माणसं असतात.

तर दुसऱ्या दिवशी मी ते दार वाजवलं.

दार उघडलं ते एका उंच, काटकुळ्या बाईंनी. वय ऐंशीच्या पुढं. कार्डिगनची बटणं एक घर सोडून लावलेली, त्यामुळं एक बाजू वर, एक खाली. मला वाटलं, बिचारी. आणि मग त्या बोलल्या. नुसतं "आत या" एवढंच म्हणाल्या, मोठ्यानंसुद्धा नाही. पण तो आवाज माझ्यापर्यंत चालत आला. दुसरं कसं सांगू? तुमचा-माझा आवाज हवेत फेकल्यासारखा असतो, कुठंही जाऊन पडतो. त्यांचा नेमका माझ्याकडंच आला, माझ्यापाशी येऊन थांबला. मी चपला काढायच्या विसरून तशीच आत गेले, यावरून काय ते समजा.

त्या नटी होत्या. नाटकं लिहायच्यासुद्धा. आणि आता ऐंशी ओलांडल्यावर एक शेवटचं नाटक लिहिलं होतं, त्यात एकच पात्र, आणि ते त्या स्वतः करणार होत्या. एक म्हातारी बाई आपलं घर कायमचं सोडून चालली आहे, खोकी भरते आहे आणि एकेका वस्तूशी, एकेका खोलीशी बोलते आहे. सव्वा तास. समोर दुसरं कोणी नाही.

मला त्यांनी विचारलं, आधी कधी लाईनी ऐकल्या आहेत का. मी म्हटलं, नाही, पण नाटक पाहिलंय, गावाला.

आणि तिथंच घोटाळा झाला. आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकात प्रॉम्प्टर असायचा. शाळेतले एक गुरुजीच असायचे. नटांचं पाठांतर म्हणजे आनंद, त्यामुळं गुरुजी विंगेत उभे राहून प्रत्येक वाक्य आधी स्वतः खणखणीत म्हणायचे आणि मग राजा तेच वाक्य म्हणायचा. आम्ही पोरं पुढं बसून प्रत्येक वाक्य दोनदा ऐकायचो. आमच्या लेखी नाटक म्हणजे तसंच. तर बाई बोलायला लागल्या, दोन वाक्यं झाली, थांबल्या. मी ताबडतोब तिसरं वाक्य ठणकावून म्हटलं. त्या दचकल्या. पुन्हा सुरू केलं. पुन्हा थांबल्या. मी पुन्हा. असं पाच-सहा वेळा झाल्यावर त्यांनी हात खाली ठेवले.

"अगं, मी विसरले नव्हते," त्या म्हणाल्या. "मी थांबले होते."

इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, हे मला माहीत आहे. पण त्यांचं बोलणं माझ्या कानात पहिल्या दिवसापासून "अगं" असंच पडलं, म्हणून तसंच लिहिते.

मी त्यांना गुरुजींची गोष्ट सांगितली. अडखळत, हातवारे करत. राजा तलवार उपसतोय आणि विंगेतून गुरुजी ओरडतायत की थांब रे दुष्टा, ते उठून करून दाखवलं. बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीचा हात धरून बसावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाल्या, पुन्हा कर. मी पुन्हा केलं. आणि त्यांनी काय केलं असेल? उठल्या आणि आमच्या गुरुजींची नक्कल केली. ज्या माणसाला त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. कमरेवर हात, मान जरा पुढं, एक डोळा बारीक करून पुस्तकात. मी तर हा डोळ्याचा भाग सांगितलाच नव्हता हो. गुरुजी खरंच एक डोळा बारीक करायचे.

त्या दिवशी मी त्यांना मॅडम म्हणत होते, ते त्यांना आवडलं नाही. मी म्हटलं, आमच्याकडं शिकवणाऱ्या बाईला बाईच म्हणतात, आणि मोठ्या नटीलाही. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि म्हणाल्या, मग तू पण बाई. तेव्हापासून त्या मला बाई म्हणायच्या आणि मी त्यांना. आमची नात एकदा फोनवर ऐकून म्हणाली, "आजी, तू कोणाशी बोलतो? तुझाच नाव घेतो ती." तिचं मराठी असंच आहे, कोण तो नि कोण ती याचा तिला पत्ता नसतो. पण या बाबतीत गोंधळ आमचाच होता.

त्या पहिल्या दिवशी निघताना दारात मी म्हटलं, "ओके, आय ॲम कमिंग."

दुसऱ्या दिवशी गेले तर बाई जरा घुश्श्यात. म्हणाल्या, काल तू येते म्हणालीस, मी केटल लावली. दार उघडं ठेवून बसले. बातम्या सुरू झाल्या तरी तू आली नाहीस. नोव्हेंबरातली थंडी, आणि ही बाई माझ्यासाठी दार उघडं टाकून बसलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग समजावून सांगितलं. आमच्याकडं घरातून निघताना जाते म्हणत नाहीत. जाते म्हणायचं नसतं, तोंडातून निघालं तर घरातलं मोठं माणूस दटावतं. येते म्हणायचं. माणूस एकदाच जातो, बाकी सगळ्या वेळेला तो येतो.

बाईंनी टेबलावरचं गॅसच्या बिलाचं पाकीट ओढून त्याच्या पाठीवर काहीतरी लिहिलं. त्यांची ती सवयच होती. त्या घरात एकही पाकीट कोरं नव्हतं.

हळूहळू मला थांबणं आणि विसरणं यातला फरक कळायला लागला. तो चेहऱ्यावर नसतो बरं का, तो हातात असतो. थांबलेल्या बाईंचे हात जिवंत असायचे, काहीतरी धरून असायचे. विसरल्या की हात रिकामे पडायचे. मी पुस्तकाकडं कमी आणि हातांकडं जास्त बघायला लागले. आणि तोंड मिटून बसायला लागले. लेकीला खरं वाटेना. ती म्हणाली, त्या बाईंना सांग, इकडं पण येऊन शिकवा.

चहाच्या वेळेला त्या आपलं सांगायच्या. सलग नाही, तुकड्यातुकड्यानं. उत्तरेकडच्या समुद्रकाठच्या एका गावात त्यांची आई पाहुण्यांना खोल्या देऊन घर चालवायची. उन्हाळ्यात घर माणसांनी भरलेलं, आणि ही पोर जिन्यावर बसून कोण कसं चालतं, कोण कसं खोकतं ते बघायची. संध्याकाळी आईला भांडी घासताना एकेक पाहुणा करून दाखवायची. आई हसली की तो पाहुणा जमला. नाही हसली तर पुन्हा जाऊन जिन्यावर बसायचं. "माझी शाळा तीच," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, आणि माझी टीव्हीखालची अक्षरं. दोघी हसलो.

पंधराव्या वर्षी बिस्किटाच्या कारखान्यात लागल्या, सतराव्या वर्षी तिथून पळून एका नाटक कंपनीत. गावोगाव हिंडणारी कंपनी नाही, एकाच गावात बसून दर आठवड्याला नवं नाटक करणारी. सकाळी पुढच्या आठवड्याच्या नाटकाची तालीम, संध्याकाळी या आठवड्याच्या नाटकाचा प्रयोग, आणि डोक्यात गेल्या आठवड्याचं अजून पुरतं पुसलेलं नाही. मी विचारलं, गोंधळ नाही व्हायचा? म्हणाल्या, एकदा एका नाटकातल्या नवऱ्यापाशी दुसऱ्या नाटकातला खून कबूल करून बसले होते. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

पण कामं कसली मिळायची, तर चहाचा ट्रे घेऊन येणारी मोलकरीण. दार उघडणारी. पत्र आणून देणारी. वर्षानुवर्षं ट्रे. त्यांच्या बोलण्याची ढब उत्तरेकडची, त्यामुळं मालकीणबाईचं काम कोणी देईना. मग एक दिवस त्यांना वाटलं, ही ट्रे घेऊन आत जाते, ती परत गेल्यावर स्वयंपाकघरात काय बोलत असेल? ते कोणी लिहिलंच नाहीये. मग स्वतः लिहायला घेतलं. लहान मूल मांडीवर, इस्त्रीच्या टेबलावर कागद, आणि कागद म्हणजे जुन्या नाटकांच्या पाठकोऱ्या बाजू. ते पहिलं नाटक कपडे धुणाऱ्या पाच बायकांचं होतं. थिएटरचा मॅनेजर म्हणाला, पाच बायका इस्त्री करतायत, हे बघायला कोण येणार? तर पाच बायका इस्त्री करणाऱ्याच आल्या. मग त्यांच्या बहिणी आल्या. मग सगळं गाव आलं. बाई म्हणाल्या, पहिल्या रांगेतली एक बाई मध्येच उठून स्टेजकडं बोट करून म्हणाली, ती कॉलर उलटी धरली आहे. आणि तिचं बरोबर होतं.

हे ऐकताना मी काय सांगू, माझ्या हातातला चहा गार झाला. तीस वर्षं मी टेबलक्लॉथच्या घड्या घातल्या. कोणी त्याचं नाटक करेल, आणि ते बघायला तिकीट काढून लोक येतील, असं स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं. लाँड्रीत एवढं बोलायचो आम्ही बायका, ते सगळं ड्रायरच्या आवाजात विरून गेलं. आणि इथं एका बाईनं ते कागदावर धरून ठेवलं होतं.

पुढं त्यांनी पुष्कळ लिहिलं, पुष्कळ कामं केली. टीव्हीवर एका हॉस्पिटलच्या मालिकेत कडक मेट्रन होत्या, त्यावरून अजून कोणी कोणी बसस्टॉपवर त्यांना ओळखायचं. एकदा फार्मसीच्या रांगेत एका गृहस्थांनी त्यांनाच आपल्या गोळ्या दाखवून विचारलं, या जेवणाआधी की नंतर. बाईंनी मेट्रनच्या आवाजात सांगितलं, चिठ्ठीवर लिहिलंय ते वाचा. गृहस्थ थँक यू म्हणून निघून गेले.

मला जे कळायला नको होतं ते जानेवारीत कळलं. त्या दिवशी बाईंनी मला विचारलं, तू आधी कधी लाईनी ऐकल्या आहेत का. अगदी पहिल्या दिवशीसारखं. मला वाटलं, नक्कल करतायत. मी हसले. त्या नाही हसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या खुर्चीत बसल्या, हात रिकामे.

डॉक्टरांनी त्यांना उन्हाळ्यातच सांगितलं होतं, की हा विसरण्याचा आजार आहे. आता हे वाढत जाणार होतं. म्हणून तर घाईनं हे नाटक लिहिलं होतं. तीनच प्रयोग ठरले होते मार्चमध्ये, पबच्या माडीवरच्या एका लहानशा थिएटरात. दिग्दर्शन करणारी मुलगी हुशार होती, प्रेमळ होती. पण हे तिला कळलं तर ती काम दुसरीला देईल, आणि तिनं तसं केलं तर ते बरोबरच असेल, असं बाई स्वतः म्हणाल्या. त्यांना एवढंच हवं होतं, की हे एक नाटक स्वतःच्या तोंडून पुरं व्हावं. विसरायच्या आधी.

"चिठ्ठीत मी लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "गप्प राहता आलं पाहिजे. ते तेवढ्यासाठी होतं."

मी हात जोडले. दुसरं काय करणार?

त्यानंतर आम्ही रोज बसायला लागलो. वाक्यं जायची. काल असलेलं आज नसायचं. सगळ्यात वाईट जागा कपाटाची. नाटकातली ती म्हातारी कपाटातून आईचा टेबलक्लॉथ काढते आणि आईच्या हातांबद्दल बोलते, दीड पान. तिथं हटकून खड्डा. तो टेबलक्लॉथ त्या नुसता हातात चुरगाळून धरायच्या. एकदा मला राहवेना. मी म्हटलं, बाई, असा धरत नाहीत. मोठं कापड एकटीनं घडी करायचं तर मधोमध कड हनुवटीखाली धरायची, दोन्ही हात लांब करायचे, टोकं जुळवायची, मग एका झटक्यात खाली सोडायचं. त्यांनी केलं. पहिल्यांदा कापड नाकावर आलं. दुसऱ्यांदा जमलं. आणि घडी घालता घालता त्यांच्या तोंडून दीड पान बाहेर आलं, न अडखळता. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. डोक्यातून गेलेलं हातात कुठंतरी शिल्लक होतं.

तालमी थिएटरात सुरू झाल्यावर मला विंगेत खुर्ची मिळाली. खूण ठरली होती. बाईंनी बोटातली अंगठी फिरवली तर मी वाक्य हळूच द्यायचं. नाही फिरवली तर जीभ दाताखाली. त्या मुलीला, दिग्दर्शक मुलीला, काहीतरी कुणकुण लागली असावी. ती म्हणाली कानात छोटं यंत्र घाला, आतून वाक्यं सांगता येतील. बाई म्हणाल्या, कानात दुसऱ्याचा आवाज असला की मला माझा ऐकू येत नाही. मग एका ब्रेकमध्ये ती मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली आणि सरळ विचारलं, त्या ठीक आहेत ना? मला खोटं बोलता येत नाही, आणि बोलायला लागले की थांबता येत नाही. दोन्ही संकटं एकदम. मी म्हटलं, त्यांना थांबायला आवडतं. एवढंच. मग पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि ती मुलगी उठून जाईपर्यंत पाणी पीत राहिले.

गुरुवारच्या प्रयोगात अंगठी एकदा फिरली. मी दिलं, कोणाला कळलं नाही. शुक्रवारी एकदाही नाही. शनिवारी दुपारचा शेवटचा प्रयोग. लेक आणि नात आल्या होत्या, तिसऱ्या रांगेत.

बाई आल्या. आणि बघा, हे मी रोज पाहत होते तरी रोज थक्क व्हायचे. विंगेत माझा दंड धरून उभी असलेली ती वाकलेली म्हातारी उजेडात पाऊल टाकताच सरळ व्हायची. मेकअपनं नाही, कपड्यानं नाही. आतूनच कोणीतरी दिवा लावल्यासारखं. मग ती नाटकातल्या म्हातारीएवढीच पुन्हा वाकायची, पण ते वाकणं वेगळं, ते तिनं स्वतः केलेलं. खोकी भरली, खिडकीशी बोलली, जिन्याशी भांडली. लोक हसले. आणि ती कपाटापाशी आली. टेबलक्लॉथ काढला.

आणि थांबली.

मी हातांकडं बघितलं. कापड लोंबत होतं. बोटं रिकामी. हे थांबणं नव्हतं. हे दुसरं होतं. मी अंगठीकडं बघितलं, अंगठी हलली नाही. वाक्य माझ्या जिभेवर होतं, "माझ्या आईचे हात कधी कोरडे नसायचे." समोरच्या विंगेत ती दिग्दर्शक मुलगी होती. ती मला बोटानं खुणावत होती, दे, दे. हॉलमध्ये कोणाची खुर्ची करकरली. माझ्या डोक्यात गुरुजी उभे राहिले, कमरेवर हात ठेवून. आयुष्यभर मी कुठलीही शांतता भरून काढत आले हो. दोन माणसांत जरा गप्पपणा पडला की मी त्यात हवापाण्याच्या गोष्टी ओतते. आणि हा एवढा मोठा खड्डा, आणि भरायला नेमकं माप माझ्या तोंडात. द्यावं तर त्यांचं नाटक माझ्या आवाजात पुढं जाणार. न द्यावं आणि त्यांना नाहीच आठवलं तर सगळं संपलं, सगळ्यांसमोर, आणि ते माझ्यामुळं.

पण अंगठी फिरली नव्हती. बाईंनी मागितलं नव्हतं.

मी तोंडावर हात दाबून धरला.

मग हनुवटी खाली आली. हळूच, तिनं कापडाची मधली कड धरली. हात लांब झाले. टोकं जुळली. कापड खाली सुटलं, त्याचा फटकाऱ्याचा आवाज मला ओळखीचा होता, तीस वर्षं ऐकलेला. एक घडी. दुसरी. पहिल्या रांगेत एक वयस्कर बाई बसली होती, तिची हनुवटी आपोआप खाली गेलेली मी पाहिली. तिच्या शेजारणीचे हात मांडीवर हलत होते. तिसरी घडी. चौथी. त्यावर बाईंनी तळवा फिरवला, आणि बोलल्या, "माझ्या आईचे हात कधी कोरडे नसायचे." तिथून दीड पान, एक शब्द इकडचा तिकडं नाही.

मी रडत होते, पण आवाज न करता. तेही मला त्या दिवशीच जमलं.

शेवट असा होता, की म्हातारी पिशवी उचलते, दारात उभी राहते, रिकाम्या खोलीकडं बघते आणि म्हणते, चला, निघते मी. मग दार लावते आणि अंधार. हे वाक्य बाईंना कधीच आवडलं नव्हतं. लिहिलं आहे म्हणून म्हणायच्या. त्या दारात उभ्या राहिल्या. पूर्ण खोलीभर बघून घेतलं. आणि त्या घराला, आपल्या माणसाला सांगावं तसं म्हणाल्या,

"आय ॲम कमिंग."

आणि दार उघडंच टाकून गेल्या. दिवे लावणाऱ्याला काय करावं कळेना, कारण दार लागल्यावर अंधार करायचा असं ठरलं होतं. म्हणून ते उघडं दार कितीतरी वेळ तसंच उजेडात राहिलं, आणि लोक त्याच्याकडं बघत राहिले. कोणी येईल म्हणून. मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात.

मेकअपच्या खोलीत गेले तेव्हा बाई आरशासमोर बसल्या होत्या. कोट अंगात, बटणं पुन्हा एक घर सोडून. बाहेरून अजून टाळ्यांचा आवाज येत होता. त्यांनी माझ्याकडं आरशातूनच बघितलं.

"बाई, झालं का? की व्हायचंय?"

मी म्हटलं, झालं. पुरं झालं.

त्यांनी डोळे मिटले, एक मोठा श्वास सोडला. मग म्हणाल्या, "मला काही आठवत नाहीये. तू होतीस ना तिथं? आता बोल. गप्प राहायचं काम संपलं."

तर मी बोलले. शेजारच्या स्टुलावर बसून पहिल्यापासून सांगायला लागले. ती उजेडात कशी आली, खिडकीशी काय बोलली, लोक कुठं हसले. जिन्याशी भांडताना तिनं पाय कसा आपटला तेही उठून करून दाखवलं. बाई गुडघ्यावर हात ठेवून, जरा पुढं झुकून ऐकत होत्या, तिकीट काढून आल्यासारख्या. कपाटापाशी आले तेव्हा म्हणाल्या, थांब, इथं ती किती वेळ थांबली?

"बराच वेळ."

"आणि तू गप्प राहिलीस?"

"राहिले."

"कठीण गेलं?"

"फार."

त्या खूप हसल्या. मग मी घड्यांचं सांगितलं, पहिल्या रांगेतल्या बाईच्या हनुवटीचं सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, चांगली आहे गं ही नटी. मी म्हटलं, हो, फार चांगली आहे. शेवटाला आले, तेव्हा त्या लहान मुलासारख्या म्हणाल्या, मग? मग ती काय म्हणाली?

मी सांगितलं.

त्यांनी पुस्तक मागितलं, शेवटचं पान काढलं, बोट ठेवून वाचलं. "हे तर इथं नाही. मी लिहिलेलं नाहीये."

"नाही. ते आमच्याकडचं आहे."

"मग लिहून ठेव तिथं. मी विसरेन."

माझ्याकडं पेन्सिल होती. ‘निघते मी’ यावर एक रेघ मारली आणि बाजूला लिहिलं. पण घाईत मराठीतच लिहिलं गेलं. बाईंनी पान जवळ घेतलं, लांब धरलं, पुन्हा जवळ घेतलं. हे काय अक्षर, म्हणाल्या. हे कसं म्हणतात?

"येते," मी म्हटलं.

"येते," त्या म्हणाल्या. मान हलवली, जमलं नव्हतं. पाठ सरळ केली, हात मांडीवर घेतले, आणि पुन्हा म्हणाल्या, "येते." आणि तो शब्द त्या एवढ्याशा खोलीतून चालत माझ्यापर्यंत आला, माझ्यापाशी येऊन थांबला.